शेकाचा मास्क आणि करंटची भीती

पंधरा दिवसांपूर्वी भूम तालुक्यातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. तंबाखूची जुनी सवय, जिभेच्या कडेला कर्करोग. शस्त्रक्रिया झालेली, आता शेक घ्यायचा होता. पण मास्क पाहूनच ते घरी परतले. "डॉक्टरसाहेब, तोंडावर जाळी आवळून तिच्यात करंट सोडतात म्हणं," ते म्हणाले.

वाचकहो, 'शेक' हा शब्दच फसवा आहे. या उपचारात किरण देतात. भाजत नाही की शॉक बसत नाही. मास्क तर साध्या प्लॅस्टिकचा. त्यातून वीज वाहतच नाही.

हे प्लॅस्टिक मात्र गमतीचे आहे. भोके असलेला सपाट, कडक पत्रा सुमारे ७० अंशाच्या पाण्यात काही मिनिटे ठेवला की कणकेसारखा मऊ होतो. पाणी निथळून तो चेहऱ्यावर ताणून बसवतात. कोमट लागतो, एवढेच. दहा-पंधरा मिनिटांत निवून त्याच आकारात घट्ट होतो. तोच पुन्हा गरम पाण्यात टाकला तर बराचसा पूर्ववत सपाट होतो, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. (अशा प्लॅस्टिकमध्ये कार्बन मिसळून ते विजेने तापवायचे आणि आकार बदलायचा, असे प्रयोग शास्त्रज्ञ करतात. पण तो माल निराळा.)

मग एवढे आवळायचे कशाला? मान थोडी जरी हलली तरी किरण गाठीची जागा सोडून लाळेच्या ग्रंथीवर किंवा मज्जारज्जूवर जातील. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, रोज डोके त्याच जागी यावे लागते. मधे खाडे झाले की रोगाला उसंत मिळते. मास्कच्या भोकांतून श्वास नीट घेता येतो. जीव घाबरला तर हात वर करावा. तंत्रज्ञ पडद्यावर पाहत असतात. वजन उतरून मास्क सैल वाटू लागला तर लगेच सांगावे, लाजू नये.

बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७ पासून बार्शीबरोबर आपले परंडा व भूम हे तालुकेही आहेत. तोंडाचा कर्करोग आपल्या भागाला नवा नाही.

त्या गृहस्थांना मी सारे समजावले. सोमवारी ते पुन्हा रुग्णालयात जाणार आहेत. "आधी दाढी काढा, नाहीतर मास्क नीट बसणार नाही," एवढे बजावून मी त्यांना निरोप दिला.