रोप घेण्याआधी पट्टा पाहा : जगाच्या हवामानात वाशिम नेमकं कुठे बसतं?

वाशिम : पाऊस तोंडावर आला की गावोगाव रोपं विकणाऱ्या गाड्या फिरू लागतात आणि मोबाईलवर व्हिडिओही सुरू होतात. कोणी सफरचंद लावा म्हणतो, कोणी केशर. व्हिडिओत झाड फळांनी लगडलेलं दिसतं. पण ते कोणत्या गावचं आहे, तिथं जानेवारीत रात्रीची थंडी किती पडते, हे कोणी सांगत नाही. पैसे देण्याआधी तेवढं एक विचारलं तरी चार-पाच वर्षं वावर अडकून राहण्याची वेळ येत नाही.

शाळेच्या भूगोलात पृथ्वीचे तीन पट्टे शिकवतात. कर्कवृत्त ते मकरवृत्त, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंशांपर्यंत उष्ण कटिबंध. तिथून साडेसहासष्ट अंशांपर्यंत समशीतोष्ण आणि पुढं ध्रुवांपर्यंत शीत कटिबंध. वाशिम शहर साधारण २०.१ उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्यापासून उत्तरेला पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे वाशिमच नाही, अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधात येतो.

हा फरक पडतो कशामुळे? मोबाईलचा टॉर्च भिंतीवर सरळ धरा, उजेडाचा गोल लहान आणि लख्ख पडतो. तोच तिरपा धरला की उजेड लांबट होतो आणि फिका पडतो. सूर्याचंही तसंच आहे. वाशिमला २० मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैत ढग असतात म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, दुपारी आपल्याकडं सूर्य ४६ अंशांवर असतो, दिल्लीत ३८ वर आणि मॉस्कोत जेमतेम ११ वर.

मग विषुववृत्तावर सगळ्यात जास्त तापत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. विषुववृत्ताला अगदी लागून असलेल्या सिंगापुरात बाराही महिने दुपारी ३१ ते ३४ अंश, रात्री २४-२५. तिथली हवा तापून वर चढते, रोजचे ढग आणि पाऊस ऊन अडवतात. तीच हवा कोरडी होऊन तिशीच्या अक्षांशाजवळ खाली उतरते आणि तिथं वाळवंटं तयार होतात. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला ५६.७ अंशांची नोंद आहे. आपल्या राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ ला पारा ५१ वर गेला होता. उलट टोकाला अंटार्क्टिकातलं व्होस्तोक, २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२. वाशिम या दोन पट्ट्यांच्या मधोमध आहे. चार महिने पावसाळी देशासारखं, बाकी आठ महिने बरेचसे कोरड्या देशासारखं.

अक्षांशावरच सगळं ठरत नाही. दर हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. वाशिम साडेपाचशे मीटर उंचीवर, अकोला तीनशेच्याही खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मे महिन्यात अकोल्याहून एसटीनं घाट चढून आलेल्या माणसाला जो दीड-दोन अंशांचा दिलासा वाटतो, तो खरा आहे. विदर्भातच चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, म्हणून तिथं कॉफी येते. समुद्राचाही वाटा मोठा. रत्नागिरीत मेच्या दुपारी ३३-३४ अंश असतात आणि हिवाळ्यात थंडी फारशी नसते. आपल्याकडं जवळ समुद्र नाही, हवा कोरडी, म्हणून मेमध्ये चाळीसच्या वर आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्या आसपास.

आता सफरचंदाचं बघा. जुन्या डोंगरी वाणांना फुलावर येण्यासाठी सातेक अंशांखालची थंडी हजारभर तास लागते. वाशिमात थंडीच्या लाटेत एखाद-दोन पहाटे पारा सात-आठपर्यंत जातो, पण ऊन चढलं की थंडी पळते. कमी थंडीत फळणारे वाण आहेत, हे खरं. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी काढलेला ‘एचआरएमएन-९९’ मैदानी भागातही फळतो. पण बिलासपूर ३१ अंशांवर, समशीतोष्ण पट्ट्यात आहे, तिथला हिवाळा आपल्यापेक्षा लांब. त्यामुळं एक-दोन झाडं बांधावर लावून पाहायला हरकत नाही, एकरभर लावणं म्हणजे जुगार. केशर बंद खोलीत गारवा ठेवून घेतात, तो विजेच्या बिलाचा धंदा झाला, वावराचा नव्हे.

सोयाबीन मात्र परक्या पट्ट्यातलंच. मूळ चीनकडचं, आणि आज जिल्ह्याचं मुख्य पीक. इथं मुद्दा दिवसाच्या लांबीचा आहे. दिवस लहान व्हायला लागला की सोयाबीन फुलावर येतं. अमेरिकेतल्या आयोवात जूनचा दिवस सव्वापंधरा तासांचा, आपला तेरा तास वीस मिनिटांचा. तिथलं बियाणं जसंच्या तसं इथं पेरलं तर झाड वीतभर असतानाच फुलेल. म्हणून आपल्या अक्षांशासाठी निवडलेले वाणच चालतात.

संत्र्याला पट्ट्याची अडचण आपण युक्तीनं सोडवली आहे. समशीतोष्ण देशात थंडीमुळं झाड आपोआप विसावा घेतं. आपल्याकडं आंबिया बहारासाठी हिवाळ्याच्या थंडीसोबत पाणी तोडतात, मृग बहारासाठी मेमध्ये ताण देतात. आणि सालीचा केशरी रंग रात्रीच्या गारव्यानं येतो. बारमाही गरम देशात पिकलेलं संत्रंही हिरवंच राहतं, आत गोड असलं तरी.

गव्हाचं गणित सगळ्यात घाईचं. युरोपात तो सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, बर्फाखाली राहतो आणि जुलै-ऑगस्टात कापतात. आपल्याकडं थंडी मोजून अडीच-तीन महिन्यांची. पेरणी लांबली की दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं आणि दाणा चिमतो. त्यामुळं सोयाबीन काढून वावर रिकामं व्हायला उशीर झाला असेल, तर गव्हाचा उशिरा पेरणीचा वाण घ्यावा की हरभरा टाकावा, हे रिसोड तालुक्यातल्या करडा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या कृषी सहायकाला बियाणं घेण्याआधी विचारून घ्यावं.