घोडा केवढ्याचा?

एकाकडे ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० चे देणे. सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची मालमत्ता सारखीच. तर एक घोडा केवढ्याचा?

हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले. त्यांचा जन्म १११४ चा, आणि हा ग्रंथ ज्याचा भाग आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला, असे चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख सांगतो. म्हणजे समीकरणे सोडवण्याची शिकवणी महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वीही चालत होती.

बरोबरीचे चिन्ह तेव्हा नव्हते. ते १५५७ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने छापले. भास्कराचार्य दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडत. अज्ञात किमतीला ‘यावत्तावत्’, थोडक्यात ‘या’. माहीत असलेल्या संख्येला ‘रू’. वरच्या ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००. देण्याच्या १०० वर एक टिंब, कारण ती ऋण संख्या.

आजच्या वहीत हेच असे उतरते: ६या + ३०० = १०या − १००. दोन्हीकडून ६ घोडे काढून घेतले, तर एकीकडे ३०० उरतात, दुसरीकडे ४या − १००. आता दोन्हीकडे १०० मिळवायचे. दुसऱ्याचे देणे फिटते आणि पहिल्याकडे ४०० होतात. ४ घोडे ४०० चे, म्हणून एक घोडा १०० चा. ताळा: पहिल्याचे ६०० अधिक ३००, दुसऱ्याचे १००० उणे १००. दोन्हीकडे ९००.

यात कुठलीही संख्या उडी मारून पलीकडे गेली नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा वर्गातला लाडका मंत्र खोटा नाही, पण नवशिक्याला तोच पाडतो.

कसा, ते पाहायला वसईजवळच्या उमेळ्यातल्या एखाद्या वाडीवाल्याचा हिशेब धरू. वसईच्या वाड्यांतली फुले दादरच्या बाजारात जातात. समजा, त्याने ६ किलो मोगरा विकला, गाडीभाडे आणि हमाली मिळून १२० गेले आणि हातात २२८० उरले. किलोचा भाव ‘या’ धरला, तर ६या − १२० = २२८०. दोन्हीकडे १२० मिळवले की ६या = २४००. इथे मंत्र पाठ असलेला मुलगा ६ देखील पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि २४०० मधून ६ वजा करून २३९४ लिहून मोकळा होतो! मुळात ६ हा ‘या’ला गुणतो आहे, त्यात मिळवलेला नाही. म्हणून दोन्ही बाजूंना ६ ने भागायचे. भाव ४०० रुपये. ताळा करायला अर्धा मिनिट पुरतो: ६ गुणिले ४०० म्हणजे २४००, त्यातून १२० गेले, २२८० उरले. हीच पायरी परीक्षेत सर्वात आधी गाळली जाते, आणि २३९४ सारखे उत्तर नेमके तिथेच पकडले गेले असते.

भास्कराचार्य घोड्यांचे तेच उदाहरण थोडे बदलून पुन्हा विचारतात. घोडे, रोख आणि देणे तेवढेच. फक्त आता पहिल्याच्या मालमत्तेच्या निम्म्यात २ मिळवले, की दुसऱ्याची मालमत्ता होते. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे. घोडा ३६ चा निघायला हवा.