शिकागोचे बेघर आणि एक नकोसा आकडा

लेखमाला : शहरांचे हिशेब – लेखांक ६

१९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या शहरांत रस्त्यावर झोपणारी माणसे एकाएकी डोळ्यांत भरू लागली आणि ती नेमकी किती यावरून जुंपली. वॉशिंग्टनमधले झुंजार कार्यकर्ते मिच स्नायडर वीस ते तीस लाखांचा आकडा सांगत होते. संघराज्य सरकारच्या गृहनिर्माण खात्याने १९८४ मध्ये अहवाल काढून तो अडीच ते साडेतीन लाखांवर आणला. एकाच देशातल्या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे! आणि रस्त्यावर उतरून मोजले दोघांनीही नव्हते. कार्यकर्त्यांचा आकडा अंदाजपंचे होता. खात्याने शहराशहरांतल्या जाणकारांना विचारून त्यांच्या अंदाजांवरून आपला अंदाज बांधला होता. शहराचा कारभार दारावरच्या क्रमांकावर चालतो. घरपट्टी, पाणीपट्टी, मतदारयादी, रेशनकार्ड, सगळे पत्त्याला बांधलेले. ज्याला दारच नाही तो या हिशेबात बसवायचा कसा, हा प्रश्न ज्या समाजशास्त्रज्ञाने शास्त्राच्या शिस्तीने सोडवायला घेतला, त्या पीटर रॉसी यांच्या कामाचा हा लेखांक. त्यांनी काढलेला आकडा लहान निघाला आणि बेघरांच्या बाजूने लढणारेच त्यांच्यावर उलटले. तरीही तो लहान आकडाच बेघरांच्या अधिक उपयोगाचा होता, असे माझे म्हणणे आहे.

रॉसी १९२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले. १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट, मग हार्वर्ड, मग शिकागो. शिकागो विद्यापीठाच्या राष्ट्रीय जनमत संशोधन केंद्राचे ते १९६० ते १९६७ संचालक होते. पुढे जॉन्स हॉपकिन्स आणि १९७४ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ. अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पण त्यांची खरी ओळख म्हणजे सरकारी योजनांचे मूल्यमापन करणारा माणूस. योजनेवर पैसा खर्च झाला, लाभार्थ्यांची यादी झाली, छायाचित्रे छापून आली. पण योजना नसती तर जे झाले असते त्यापेक्षा वेगळे काही घडले का, एवढाच प्रश्न ते विचारत. १९८७ मध्ये त्यांनी आपला अनुभव 'लोखंडी नियम' या नावाने मांडला. मोठ्या सामाजिक योजनेचा निव्वळ परिणाम मोजायला घ्याल तर शून्याचीच अपेक्षा ठेवा, असा त्याचा आशय. हे वाचून ते सरकारी खर्चाचे विरोधक होते असे वाटेल. तसे ते नव्हते. कल्याणकारी राज्य हवे असलेल्या माणसाने त्याच राज्याचा हिशेब कडकपणे तपासावा, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे अशी माणसे दोन्ही बाजूंना नकोशी असतात, तिकडेही असतात.

१९८५ च्या शरद ऋतूत आणि १९८६ च्या हिवाळ्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोत केलेली पाहणी पुढे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पद्धत सांगायला सोपी आहे, करायला महाकठीण. निवाऱ्यांत झोपलेल्यांमधून नमुना घेणे अवघड नव्हते, कारण तिथे खाटा मोजता येतात. उरलेल्यांसाठी शहराचे चौक-गल्ल्यांनी वेढलेले ठोकळे पाडले, बेघर कुठे जास्त सापडतील याचा पोलिसांकडून अदमास घेऊन त्यांची वर्गवारी केली आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठोकळे निवडले. मग मध्यरात्रीनंतर, शहर झोपलेले असताना, मुलाखतकारांच्या तुकड्या निघाल्या. सोबतीला कामावर नसलेले पोलीस. निवडलेल्या ठोकळ्यातली प्रत्येक मोकळी जागा पाहायची : बोळ, इमारतींचे जिने आणि प्रवेशमार्ग, रात्रभर उघडी असणारी उपाहारगृहे, उभ्या केलेल्या मोटारी. जो भेटेल त्याला विचारायचे, झोपलेला असेल तर उठवून, की तुम्हाला झोपायला घर किंवा भाड्याची खोली आहे का. उत्तर 'नाही' असे आले तर पुढची मुलाखत आणि त्याबद्दल थोडे पैसे. यात मळक्या कपड्यांवरून कोणालाही बेघर ठरवलेले नाही, की स्वच्छ कपड्यांवरून कोणालाही वगळलेले नाही. या एका नियमात त्या पाहणीचा सारा प्रामाणिकपणा आहे.

उत्तर आले ते असे : कोणत्याही एका रात्री शिकागोत शरद ऋतूत सुमारे २,३०० आणि हिवाळ्यात सुमारे २,००० बेघर. वर्षभरात कधी ना कधी बेघर होणारे याहून बरेच जास्त, हेही त्यांनी सांगितले आणि अंदाज किती चुकू शकतो तेही सोबत छापले. पण शहरात तोवर बारा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंतचे आकडे बोलले जात होते. कार्यकर्ते संतापले. हा माणूस सरकारच्या हातात कोलीत देतो आहे, असा सूर लागला. रॉसींनी या अनुभवावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकाचाच अर्थ असा होता, की उपयोगी पडणारे चांगले संशोधन करणाऱ्याला शिक्षा झाल्याशिवाय राहत नाही.

संताप समजण्याजोगा होता. पण त्या भरात पाहणीतला महत्त्वाचा भाग बाजूला पडला. मुलाखतींतून दिसलेली माणसे कोण होती? त्यांच्यापैकी निम्म्यांचे महिन्याचे उत्पन्न शंभर डॉलरच्याही आत होते. शेवटची कायमची नोकरी सुटून बहुतेकांना वर्षे लोटलेली. चौघांतला जवळपास एक जण कधीतरी मनोरुग्णालयात राहून आलेला. लग्न न झालेल्यांचे आणि नातेवाइकांशी संबंध तुटलेल्यांचे प्रमाण मोठे. इथे रॉसींना त्याच शहरातली जुनी पाहणी कामी आली. १९५८ मध्ये डोनाल्ड बोग यांनी शिकागोच्या 'स्किड रो' वस्तीचा, म्हणजे एकट्या, दारुड्या, हंगामी मजूर पुरुषांच्या मोहल्ल्याचा अभ्यास केला होता. तेव्हा तिथे सुमारे बारा हजार माणसे राहत. पण अक्षरशः उघड्यावर झोपणारे शंभराच्या आसपासच. बाकीचे स्वस्त लॉजमध्ये. जेमतेम खाट मावेल एवढी खुराडी, वर जाळी ठोकलेली, भिंती छतापर्यंत न गेलेल्या. राहायला भिकार, पण डोक्यावर छप्पर आणि दाराला कडी. पुढच्या पंचवीस वर्षांत शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली ही खुराडी पाडली गेली. रोजंदारीची हमाली कमी झाली. एकट्या माणसाला मिळणारी सरकारी मदत महागाईने कुरतडली. महागाई धरून हिशेब केला तर १९५८ च्या स्किड रोवरच्या माणसाच्या खिशात १९८५ च्या बेघरापेक्षा तिपटीने पैसा होता. माणसे तीच, व्यसनेही तीच. बदलला तो बाजार आणि बदलले ते सरकार. म्हणून १९८९ च्या आपल्या पुस्तकात रॉसींनी बेघरपणा हे टोकाच्या दारिद्र्याचे सर्वात उघडे रूप ठरवले. त्या काळी बेघरांचे खापर मनोरुग्णालये रिकामी करण्याच्या धोरणावर फोडण्याची सोपी वाट सगळ्यांना सापडली होती. या तुलनेने ती निदान अर्धी बंद केली.

आरोग्याच्या अंगाने हाच धागा त्यांचे सहकारी जेम्स राइट यांनी पुढे नेला. १९८५ पासून रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन आणि प्यू न्यास यांच्या पैशातून एकोणीस शहरांत बेघरांसाठी दवाखाने चालू झाले. तिथल्या रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण राइट यांच्याकडे होते. वाचकाने एक नोंद लक्षात ठेवावी : पायांच्या रक्तवाहिन्यांचे विकार बेघरांत नेहमीच्या रुग्णांपेक्षा फार जास्त. कारण साधे आहे. माणूस रात्र बाकावर बसून काढतो, पाय आडवे होत नाहीत, रक्त खाली साचते, पाय सुजतात, सुजेवर जखम होते आणि ओल्या मोज्यात ती चिघळते. डॉक्टरने औषध लिहून दिले, पाय उंच करून झोपा म्हणून सांगितले, झोपायचे कुठे? मधुमेह्याला इन्सुलिन थंड जागी ठेवायचे असते, क्षयाच्या रुग्णाला महिनोन्‌महिने एकाच दवाखान्यात यायचे असते. म्हणजे आजारामुळे घर जाते हे खरे असले तरी घर नसणे हेच पुढे आजाराचे कारण होते. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने अशा दवाखान्यांना संघराज्याचे अनुदान सुरू झाले. निव्वळ डोकी मोजून हा कायदा सुचला नसता.

आता आक्षेप. पहिला असा, की रात्री शोधून सगळे सापडत नाहीत. पोलीस पाहून लपणारे, पडक्या घरात शिरलेले, बसमध्ये फेऱ्या मारत रात्र काढणारे हातून निसटतात. हे खरे आहे. पण निसटलेले दोन-चारशे धरले तरी दोन हजारांचे पंचवीस हजार होत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मित्राच्या सोफ्यावर, बहिणीच्या स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्यांना बेघर का म्हणायचे नाही? रॉसी त्यांना वेगळे ठेवत, घर डळमळीत असलेले म्हणून, आणि त्यांचा आकडा किती तरी मोठा आहे हे ठासून सांगत. दोघांना एकाच टोपलीत टाकले तर ज्याला आज रात्री खाट हवी त्याच्या वाट्याचा पैसा कोणाला द्यायचा हेच ठरत नाही. तिसरा आक्षेप मात्र मला पुरता पटतो. एका रात्रीची मोजणी म्हणजे प्रवाहाचा एका क्षणाचा फोटो. १९९४ मध्ये डेनिस कल्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा काही वर्षांच्या अवधीत शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे तीन टक्के माणसे तिथे केव्हातरी राहून गेल्याचे दिसले. एका रात्रीच्या आकड्याला हे दिसणे शक्य नव्हते. तरी यातही एक मेख आहे : कल्हेन यांच्याकडे नावानिशी नोंदी होत्या. नोंदीशिवाय प्रवाह मोजता येत नाही, आणि ओरडून तर मुळीच नाही.

लहान आकडा सरकारच्या पथ्यावर पडतो, ही भीती उरते. पण आकडा मोठा होताच काय होते तेही पाहावे. वीस-तीस लाख म्हटले की प्रश्न आवाक्याबाहेरचा ठरतो, आणि आवाक्याबाहेरच्या प्रश्नाला सरकार सहानुभूती देते, तरतूद देत नाही. दोन हजार माणसांना खोली आणि महिन्याची पुरेशी मदत द्यायला शिकागोसारखे शहर नाही म्हणू शकत नव्हते. म्हटलेच तर ती पैशाची अडचण नसून मनाची अडचण आहे हे उघडे पडत होते. रॉसींनी स्वतः एक उपायही सुचवला. अपंग वा बेरोजगार प्रौढ मुलाला, भावाला घरात ठेवणारी कुटुंबे स्वतःच गरीब असतात. त्यांची सहनशक्ती संपली की तो माणूस रस्त्यावर येतो. तेव्हा अशा कुटुंबांनाच सरकारने मदत द्यावी. ही सूचना कागदावरच राहिली. त्यांच्या विश्लेषणात घरभाड्याला कमी जागा मिळाली, असा दोषही दाखवता येतो. २०२२ मध्ये ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन पेज आल्डर्न यांनी दाखवून दिले, की कोणत्या शहरात बेघर जास्त हे तिथल्या व्यसनांवरून वा मनोरुग्णांवरून कळत नाही, भाड्यावरून कळते. पण खुराडी पाडल्याची गोष्ट सांगून रॉसींनी त्या दाराशी आणून सोडलेच होते.

आता आपल्याकडे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, ह्यूम पाइप, रेल्वे फलाट, देवळांचे आवार इथल्या बेघरांची मोजणी झाली आणि देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजार बेघर निघाले. एक रात्र आणि अख्खा देश! दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशाने निवारे मोजणीवर न ठेवता लोकसंख्येवर बेतले : शहराच्या दर लाख वस्तीमागे एक निवारा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याला किमान शंभर माणसांची जोड दिली. हा नियम शहाणा आहे, कारण मोजणी चुकली तरी खाटा कमी होत नाहीत. गंमत म्हणजे १९८५ च्या शिकागोला, तीस लाख वस्तीला, हा नियम लावला तर तीन हजार खाटा होतात, रॉसींच्या आकड्याहून जास्त. पण खाट मिळाली म्हणजे पायाची जखम भरत नाही आणि उत्पन्नही येत नाही. आपल्या मोजणीत उत्पन्न, आजार, किती दिवस रस्त्यावर, शेवटचे काम कोणते, हे विचारणारी ठोकळ्याठोकळ्याची पाहणी एका तरी महापालिकेने करायला हवी. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर त्यासाठी अवधी आहे.

कल्हेन यांच्या नोंदवह्यांविषयी पुढच्या आठवड्यात.