आपल्याला १९९० मध्ये मिळाले, त्यांना का नाही? दलित ख्रिश्चनांचा प्रश्न आणि आपण

कोल्हापूर जिल्ह्यात अशी गावे आहेत जिथे एकाच आडनावाची दोन घरे शेजारी-शेजारी आहेत. एका घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, दुसऱ्या घरात क्रूस. पणजोबा एकच, महारवाड्यातले. एक शाखा मिशनच्या शाळेतून चर्चकडे गेली, दुसरीने १९५६ नंतर धम्म स्वीकारला. गावाच्या नजरेत दोन्ही घरे आजही एकाच वस्तीतली आहेत. सरकारी कागदावर मात्र तसे नाही. जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरायला मदत करताना आम्हाला हा फरक वारंवार दिसतो. बौद्ध घरातल्या मुलाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. ख्रिश्चन घरातल्या त्याच्या चुलतभावाला मिळतो तो इतर मागासवर्गाचा.

असे का होते? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला आणि १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिश्चन आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. परिणाम फक्त नोकरी आणि प्रवेशापुरता नाही. विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा त्यांना नाहीत. जातीवरून शिवीगाळ झाली तर ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. शिवी देणारा धर्म विचारून शिवी देत नाही, पण कायदा धर्म विचारतो.

आता थोडे मागे जाऊ. १९९० पूर्वी आपल्यालाही हेच ऐकवले जात होते : ‘धर्म बदललात ना, मग सवलती कशाला?’ तेव्हा आपले उत्तर स्पष्ट होते. आम्ही धर्म बदलला, समाजाने आमच्याकडे पाहण्याची नजर बदललेली नाही. सवलत टिकावी म्हणून कागदावर ‘हिंदू महार’ लिहिण्याची नामुष्की आपल्या कितीतरी घरांनी सोसली. आज काही दलित ख्रिश्चन कुटुंबे रविवारी चर्चमध्ये जातात आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ ठेवतात. त्यांना आपणच ‘लबाड’ म्हणतो तेव्हा आपल्या आईवडिलांचे दिवस आपण विसरलेले असतो.

समाजशास्त्रात याला विशेषाधिकार म्हणतात. पेगी मॅकिन्टॉश या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात एक साधी यादी केली : गोरी असल्यामुळे रोजच्या जगण्यात मला कशाकशाचा विचारच करावा लागत नाही? विशेषाधिकाराची खूण हीच, की ज्याच्याकडे तो असतो त्याला तो दिसत नाही. कोल्हापुरात खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले की ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याच्याकडे तो आहे. हे आपल्याला चटकन कळते, कारण तिथे आपण सोसणाऱ्या बाजूला असतो. पण ‘बौद्ध’ असे अभिमानाने लिहूनही आपला दाखला शाबूत राहतो, हे शेजारच्या दलित ख्रिश्चनाच्या तुलनेत आपल्या पदरात पडलेले माप आहे. ते लढून मिळवले आहे, म्हणून त्याची लाज नको. त्याची जाणीव मात्र हवी.

चर्चमध्ये जात नाही, हा दावाही खरा नाही. गोव्यात बामण, चारडो, सुदीर असे भेद कॅथलिकांमध्ये पिढ्यानपिढ्या टिकले. अमेरिकेत रविवारी सकाळी अकराचा तास सर्वांत जास्त विभागलेला असतो, अशी खंत मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्यक्त केली होती : एकाच येशूची प्रार्थना, पण काळ्यांचे चर्च वेगळे, गोऱ्यांचे वेगळे. धर्मांतरित ख्रिश्चनांमध्ये जात टिकून राहिली, यावर बाबासाहेबांनीही परखडपणे लिहिले आहे. आणि लग्न जुळवताना हळूच पोटजात विचारणारे आपल्यातही आहेतच. धर्मग्रंथात समता असली म्हणजे ती उंबऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

‘ते आले तर आपला वाटा कमी होईल’ ही भीती खरी आहे, ती झटकून टाकू नये. पण तिचे उत्तर दरवाजा बंद करणे हे नाही. लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात टक्का वाढवा, अशी मागणी आपण त्यांच्यासोबत उभे राहून करू शकतो. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. अशा वेळी बौद्ध तरुणांचा आवाज कोणत्या बाजूने उठतो, याला वजन आहे.

आपण शाहूनगरीत राहतो. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात महाराजांनी ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या. मागासलेले कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सगळे. देव कोणता पुजता, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी मागासलेपण पाहिले.

तेव्हा पुढच्या वेळी दाखल्यासाठी अडलेला ख्रिश्चन मित्र भेटला, तर ‘परत हिंदू हो’ किंवा ‘बौद्ध हो’ असा सल्ला देऊ नका. आधी त्याचे ऐका. धम्म हा पटला म्हणून स्वीकारायचा असतो, दाखल्यासाठी नाही.

जय भीम!