घरातलाच वस्ताद

कराटेची लढत टीव्हीवर लागली की नजर साहजिकच लढणाऱ्या दोघांवर असते. एकाच्या कमरेला लाल पट्टा, दुसऱ्याच्या कमरेला निळा. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद मॅट आणि अवघ्या तीन मिनिटांचा खेळ. हाताचा अचूक ठोसा लागला की एक गुण, अंगावर लाथ लागली तर दोन, डोक्याच्या उंचीवर लागली तर तीन. पापणी लवायच्या आत डाव पालटतो.

पण मॅटच्या कडेला एक खुर्ची असते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तिथे प्रशिक्षक बसतो. प्रतिस्पर्धी कुठल्या पायावर भार देतो, केव्हा दमतो, कोणती चाल पुन्हा पुन्हा करतो, हे बाहेर बसलेल्या नजरेला आधी दिसतं. पंचांनी आपल्या खेळाडूचा गुण दिला नाही असं वाटलं, तर व्हिडिओ पुन्हा पाहा अशी मागणी करण्याचा हक्कही त्या खुर्चीलाच असतो. तो हक्क जपून वापरायचा असतो. म्हणजे ही खुर्ची काही शोभेची नाही.

याच खुर्चीसाठी एका नवरा-बायकोने आपलं वतन सोडलं. त्यांची गोष्ट या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

हामून देरफ्शीपूर यांचा जन्म १९९२ सालचा, पश्चिम इराणातल्या केरमानशाह या शहरातला. डोंगराळ मुलूख, कुर्द लोकांची मोठी वस्ती. त्या देशात जोरखाना नावाचा जुना आखाडा असतो. तिथे जोडीने लाकडी मुद्गल फिरवतात आणि थोरांचा मान राखून मगच घाम गाळतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कुस्ती आणि पैलवान हे आपले रोजचे मराठी शब्द फारसीतूनच आलेले आहेत. कोल्हापूरची तालीम आणि तिथला वस्तादही भाषेच्या त्याच वाटेने आले. उस्तादाचाच आपल्याकडे वस्ताद झाला.

हामून मात्र कुस्तीकडे न जाता कराटेकडे वळले. हा मूळचा जपानच्या ओकिनावा बेटांवरचा खेळ, पण इराणच्या मातीत तो चांगलाच रुजला आहे. अशा देशात राष्ट्रीय संघात जागा मिळवायची म्हणजे आधी घरच्याच बलाढ्य खेळाडूंना हरवायचं. हामून यांनी ते केलं. २०१८ साली माद्रिद इथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे ६७ किलो वजनी गटात त्यांनी इराणला कांस्यपदक मिळवून दिलं. जगातल्या पहिल्या चार जणांत त्यांचं नाव लागलं.

त्यांच्या पत्नी समीरा मलेकीपूर. त्याही कराटेच्याच खेळाडू, इराणच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या. हामून यांचा खेळ त्यांच्याइतका कोण ओळखणार? कुठे घाई होते, कुठे हात खाली येतो, हरल्यावर कोणता शब्द बोलावा आणि कोणता बोलू नये, हे बायकोपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असतं? समीरा यांनीच आपले प्रशिक्षक व्हावं असं हामून यांनी ठरवलं.

अडचण इथेच आली. इराणमध्ये पुरुष खेळाडूची प्रशिक्षक म्हणून स्त्रीला काम करता येत नव्हतं, मग ती त्याची स्वतःची पत्नी का असेना.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. इराणच्या मुली कराटे खेळत नाहीत असं मुळीच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये सारा बहमनयार आणि हमीदेह अब्बासअली या दोघी इराणकडून उतरल्या होत्या. प्रश्न स्त्रीने खेळावं की नाही हा नव्हता. आपण शिकलो ते एक स्त्री आपल्याच शौहरला शिकवू शकते की नाही, एवढाच होता.

हामून यांच्यापुढे सोपा रस्ता होता. राष्ट्रीय संघातली जागा, जागतिक पदक, नाव, सगळं हाताशी होतं. संघ देईल तो प्रशिक्षक घ्यायचा आणि गप्प बसायचं, कुणी काही म्हटलं नसतं. पण २०१९ मध्ये दोघांनी देश सोडला आणि कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात नवा संसार मांडला.

हा सौदा स्वस्त नव्हता. आई-बाप, भाषा, माणसं मागे राहिली. शिवाय ऑलिंपिकला माणूस एकटा जात नाही, त्याला देश पाठवतो. इराणचा संघ सुटला होता आणि कॅनडाचं नागरिकत्व असं रातोरात मिळत नाही. म्हणजे ज्या खुर्चीसाठी घर सोडलं ती मिळाली, पण मॅटवर उतरायला झेंडाच उरला नाही. वर आणखी एक घोर होता. कराटेला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली होती ती टोकियोपुरतीच. पुढच्या पॅरिसच्या खेळांतून ते वगळलं जाणार हे आधीच ठरलं होतं. चार वर्षं थांबून पुन्हा प्रयत्न करू, असं म्हणायलाही वाव नव्हता.

मदत आली ती निर्वासितांच्या संघाकडून. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ साली रिओमध्ये पहिल्यांदा असा संघ उतरवला, तेव्हा त्यात १० खेळाडू होते. टोकियोसाठी ८ जून २०२१ रोजी २९ जणांची नावं जाहीर झाली. त्यात कराटेचे दोघे होते. एक हामून. दुसरे वाएल शुऐब, दमिश्कचे. सीरियातल्या युद्धामुळे २०१५ साली तेही घर सोडून जर्मनीला पोहोचले होते. एकाने लढाईपायी देश सोडला, दुसऱ्याने एका खुर्चीपायी. दोघे एकाच पांढऱ्या झेंड्याखाली आले, त्यावर ऑलिंपिकची पाच वर्तुळं होती.

५ ऑगस्ट २०२१. टोकियोचं निप्पॉन बुदोकान, १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं सभागृह. कोरोनामुळे प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या. जागतिक स्पर्धेतले दोन वजनी गट एकत्र करून ६७ किलोचा एकच गट केलेला आणि साऱ्या जगातून त्यात फक्त ११ जण घेतलेले. फ्रान्सच्या स्टीव्हन दा कोस्टा यांनी सुवर्ण जिंकलं, तुर्कीच्या एराय शामदान यांनी रौप्य. कझाकस्तानचे दरखान असादिलोव्ह आणि जॉर्डनचे अब्दुलरहमान अल-मसातफा यांना कांस्य मिळालं. हामून यांना पदक मिळालं नाही. दोन दिवसांनी इराणच्या सज्जाद गंजजादेह यांनी ७५ किलोवरच्या गटात सुवर्ण पटकावलं.

मग मिळवलं काय, असं कुणी विचारेल. हिशेब पदकांचाच असेल तर हामून हरले. पण आम्हाला या गोष्टीत दुसरंच काही मोलाचं वाटतं. जागतिक पदक गळ्यात असलेला पुरुष उघडपणे म्हणतो की माझी वस्ताद माझी बायको आहे, आणि ते नुसतं तोंडाने न म्हणता त्याची किंमत मोजतो. बायकोचं कौतुक करणारे नवरे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तिच्याकडून शिकणारे कमी पाहिले.

आपल्या घरांकडेही जरा बघू या. किती घरांत अशी सून आहे जी शाळेत असताना कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेली होती? किती घरांत अशी भावजय आहे जिचं गणित पक्कं होतं, पण लग्नानंतर तिला कुणी दोन ओळींचा हिशेबही विचारला नाही? मुलाला धावण्याचा सराव हवा म्हणून आपण फी भरून बाहेरचे सर शोधतो. ज्या आईने शाळेत शर्यती जिंकल्या ती तेव्हा डबा भरत असते, तिची प्रशस्तिपत्रकं पेटीच्या तळाशी पडून असतात.

त्यासाठी कुणाला देश सोडायचा नाही. तिला एकदा विचारायचं आहे. मुलगा मैदानावर निघाला की त्याच्यासोबत तिलाही चल म्हणायचं आहे. आणि ती म्हणाली, “बेटा, टाच आधी टेकतेय तुझी,” तर ते मुलाने ऐकायचं आहे, आणि मुलाच्या अब्बांनीही.