असीरगडचा चढ आणि ४०२ मीटर

बऱ्हाणपूरहून खांडव्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर असीरगड लागतो. ही वाट ज्याच्या हाती, दख्खनचा दरवाजा त्याचा. म्हणून १६०१मध्ये किल्ला हाती येईपर्यंत अकबराने पिच्छा सोडला नाही. आज इथे राज्य मालट्रकांचं. त्यांच्या मागे अडीच-तीन हजार आरपीएमवर रेंगाळायचं आणि समोर मोकळं दिसलं की एका दमात पुढे काढायचं. माझ्या मित्राची जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक, हा चढ नेहमी चढते. हीच गाडी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीत उतरवायची, हा त्याचा ध्यास. टर्बो लावायचा नाही. इंजिन स्वतः ओढेल तेवढीच हवा. त्यामुळे सगळा खल इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या पाईपांवर येऊन थांबला.

त्याला जाड, आखूड पाईप हवे होते. इंटरनेटवरच्या फोटोंत तसेच दिसतात. मॅनिफोल्ड घडवायला घेतलेले मिस्त्री मूळचे पॉवरलूमचे सुटे भाग करणारे. लेथ आणि आर्गन वेल्डिंग दोन्हींत हात बसलेला. ते म्हणाले, "भाऊ, भोक मोठं केलं म्हणजे हवा जास्त येते असं नाही. तिला पळायला पण पायजे."

मी कागदावर हिशेब मांडला. एका सिलिंडरचे साधारण ३७३ सीसी. ६८०० आरपीएमला पिस्टन खाली जायला ४.४ मिलिसेकंद लागतात. पाईप आतून ३८ मिमी असेल तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला ७५ मीटर. ४५ मिमी केला तर ५३. घाटातल्या तीन हजार आरपीएमला हेच आकडे ३३ आणि २३. या वेगावरच पुढचा फायदा उभा असतो: पिस्टन तळाशी पोचून परत फिरला तरी पळती हवा लगेच थांबत नाही, व्हॉल्व्ह मिटेपर्यंत आत घुसत राहते. मंदावलेली हवा उलट मागे ढकलली जाते. चढावर गाडी दबते ती अशी. मित्राने कागद बराच वेळ पाहिला आणि ३८वर राजी झाला.

लांबीचं गणित मात्र खरं रंगतदार. पिस्टनने ओढ घेतली की दाब कमी झालेली एक लाट व्हॉल्व्हपासून निघते, पाईपमधून डब्यापर्यंत, म्हणजे प्लेनमपर्यंत जाते आणि तिथून दाबाची लाट होऊन परतते. ती ऐन वेळी व्हॉल्व्हवर पोचली तर हवा फुकटात आत ढकलून देते. या येण्याजाण्याला क्रँकचे सुमारे ९० अंश धरायचे, असा एक ढोबळ नियम आहे. ६००० आरपीएमला त्याचे अडीच मिलिसेकंद होतात. लाट धावते आवाजाच्या वेगाने; तेवढ्यात आवाज ८७ सेंमी जातो, म्हणजे व्हॉल्व्हपासून डब्यापर्यंतचा पल्ला ४४ सेंमी. ४००० आरपीएमसाठी तोच ६६ होतो, आणि तेवढा पाईप या बॉनेटखाली मावत नाही. क्रायस्लरने १९६०च्या ३००एफ गाडीत सुमारे ७६ सेंमीचे पाईप इंजिनावरून आडवे पलीकडे नेले होते. सर्वाधिक टॉर्क २८०० आरपीएमलाच मिळे. शर्यतवाल्यांसाठी तोच मॅनिफोल्ड बाहेरून तसाच ठेवून आतली भिंत अर्धी काढली, की पल्ला आखूड आणि ताकद वरच्या आरपीएमला. ही युक्ती मला आजही थोर वाटते.

आता ४०२ मीटर. पहिला गिअर ६८००पर्यंत खेचून दुसरा टाकला की इंजिन चार हजारांच्या आसपास उतरतं, तिसऱ्याला साडेचारच्या. म्हणजे शर्यतभर चार ते पावणेसात हजार हाच मुलूख. आठ हजाराला जोर देणारा मॅनिफोल्ड मूळ कॅमशाफ्टवर कशाला हवा? फोटोतल्या आखूड पाईपांचा निकाल इथेच लागला. ४४ सेंमी ठरले. त्यात हेडमधला पोर्टही धरला.

मिस्त्रींनी जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटमधून फ्लँज काढली, पाईप वाकवले, डबा दीड लिटरपेक्षा थोडा मोठा घडवला. सर्वांत जास्त वेळ गेला डब्यात उघडणाऱ्या पाईपांची तोंडं कर्ण्यासारखी गोल करण्यात. कडा धारदार राहिली तर हवा तिथेच भोवरा खाते. वेल्डिंगच्या तापाने फ्लँज किंचित वाकलीच; ती पुन्हा सपाट घासावी लागली. मग इंधनाचं मॅपिंग नव्याने झालं. (असा फेरफार रस्त्यावर आणताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडी बाहेर काढण्याआधी आरटीओत विचारावं, हे माझं स्पष्ट मत.)

शंका उरली उन्हाची. पंधरा अंशांवरून हवा पंचेचाळीसला गेली की आवाज पाच टक्के जोरात धावतो. सहा हजाराला जुळवलेली लाट सहा हजार तीनशेला जुळते. मिस्त्रींनी हे ऐकून मान हलवली, पण त्यांना काळजी दुसरीच होती. तेवढ्याच तापमानफरकाने हवा नऊ टक्क्यांहून जास्त विरळ होते, आणि ट्रकमागे रखडताना तापलेलं इंजिन अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्डही तापवतं. त्यांनी हेड आणि फ्लँजच्या मधे उष्णता अडवणारा हायलमचा जाड तुकडा घातला आणि एअर फिल्टरचं तोंड बंपरपाशी नेलं. त्या तुकड्याने पल्ला वाढला, म्हणून पाईप तेवढेच कापले.