सात लाख कोटींचा हिशेब

महाराष्ट्राचा २०२५-२६ या वर्षाचा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा होता. तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी तो १० मार्च २०२५ रोजी विधिमंडळात मांडला आणि त्याच दिवशी त्यावरचा वाद सुरू झाला. देशातली सर्वांत मोठी राज्य अर्थव्यवस्था दमदारपणे पुढे जात आहे, असे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे. राज्य कर्जबाजारी झाले आहे, असा विरोधकांचा आरोप. दोन्ही बाजू आधार घेतात तो एकाच अर्थसंकल्पाचा. म्हणून हे आकडे नेमके काय सांगतात, ते आधी पाहायला हवे.

राज्याला मिळणाऱ्या उत्पन्नाला महसुली जमा म्हणतात. वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेल आणि मद्यावरचे कर, वाहन कर, तसेच केंद्राकडून येणारा करांचा वाटा आणि अनुदाने हे तिचे मुख्य स्रोत. २०२५-२६ साठी ही जमा ५,६०,९६४ कोटी धरली होती. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचे व्याज, अनुदाने आणि कल्याणकारी योजना यांवरचा महसुली खर्च मात्र ६,०६,८५५ कोटींचा होता. या दोन्हींतला ४५,८९१ कोटींचा फरक म्हणजे महसुली तूट. रस्ते, धरणे, इमारती अशा टिकाऊ कामांचा भांडवली खर्च यात मिळवला की राजकोषीय तूट निघते. ती १,३६,२३५ कोटी इतकी होती आणि ती मुख्यतः कर्ज काढूनच भरून निघते.

वादाचे मूळ या दोन तुटींच्या नात्यात आहे. सरकार म्हणते, राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेत आहे आणि सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींचे अंदाजित कर्ज राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आसपास भरते. हे खरे आहे. मोठ्या अर्थव्यवस्थेला मोठे कर्ज पेलते, त्यामुळे नुसत्या रकमेवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. महसुली तूट ही राजकोषीय तुटीच्या साधारण एक तृतीयांश आहे. म्हणजे उसनवारीतल्या दर तीन रुपयांपैकी एक रुपया चालू खर्चात जातो. कर्जातून उभा राहिलेला पूल किंवा पाटबंधारा पुढे उत्पन्न वाढवतो. चालू खर्चासाठी काढलेल्या कर्जातून मागे उरते ते मुख्यतः व्याजाचे ओझे. विरोधकांच्या टीकेत जोर आहे तो या मुद्द्यात, एकूण रकमेच्या धसक्यात नाही.

या चर्चेच्या केंद्रस्थानी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आहे. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा करणारी ही योजना. सुरुवातीला तिच्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला. २०२५-२६ मध्ये तरतूद ३६ हजार कोटींची झाली. हा हिशेब कोणालाही करून पाहता येतो. एका महिलेला वर्षाला १८ हजार रुपये मिळतात. दोन कोटी महिला धरल्या तर ३६ हजार कोटी होतात, अडीच कोटी धरल्या तर ४५ हजार कोटी. विधानसभा निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी कबूल केल्याप्रमाणे रक्कम २,१०० रुपये केली, तर दोन कोटी महिलांसाठीच ५० हजार कोटींहून अधिक लागतील. त्या अर्थसंकल्पात ही वाढ झाली नाही. पुढे लाभार्थ्यांच्या पात्रतेची छाननी कडक झाली, तिचाही या हिशेबाशी थेट संबंध आहे.

योजनेची बाजूही भक्कम आहे. घरकाम, शेतमजुरी, मुलांचे आणि वृद्धांचे संगोपन यांत आयुष्य घालवणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा येतो. औषधपाणी, शाळेची वही, गॅसची टाकी यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ही रक्कम स्थानिक बाजारातच खर्च होते, त्यामुळे गावातल्या दुकानदारीलाही हातभार लागतो. आक्षेप आहे तो पैसा कुठून येतो यावर. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. एका वंचित गटासाठी राखलेला पैसा दुसरीकडे गेला, तर मदत वाढत नाही, तिची फक्त जागा बदलते.

महाराष्ट्राच्या इतिहासात पैशाचा स्रोत उघडपणे ठरवल्याचे वेगळे उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. हमी कोणाला आणि तिचा भार कोणावर, हे दोन्ही त्या वेळी जाहीरपणे ठरले. नव्या योजनांबाबत दुसरा प्रश्न बहुतेक वेळा अनुत्तरित राहतो.

सरकारच्या आर्थिक कामगिरीचे मोजमापही असेच सावधपणे करावे लागते. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने राज्याचा विकासदर ७.३ टक्के आणि दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये असल्याचा अंदाज दिला. ही सरासरी आहे. मुंबई, ठाणे, पुणे तिला वर ओढतात. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम हे जिल्हे तिच्या बरेच खाली राहतात. राज्य पुढे गेले की नाही याचे उत्तर जिल्ह्यागणिक बदलते.

शिवाय मार्चमधला अर्थसंकल्प हा अंदाज असतो. वर्षभरात पुरवणी मागण्या येतात. जुलै २०२४ मध्ये त्या ९४ हजार कोटींहून अधिक होत्या, तर जून २०२५ मध्ये ५७ हजार कोटींहून अधिक. पुढच्या वर्षी सुधारित अंदाज येतो, त्यानंतर प्रत्यक्ष आकडे आणि शेवटी कॅगचा अहवाल, ज्याची छाननी विधिमंडळाची लोकलेखा समिती करते. वाद रंगतो तो मार्चमधल्या घोषणांवर. पण घोषित पैसा खर्च झाला का, कोणत्या खात्याचा कापला गेला आणि चालू खर्चासाठी किती उसनवारी झाली, हे कळते या नंतरच्या कागदांवरून. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, त्याची परीक्षा याच तीन प्रश्नांवर व्हायला हवी.